बीजिंगचे वार्तापत्र : मनाई नसलेला महोत्सव

बीजिंगच्या क्वीअर चित्रपट महोत्सवावर बंदी आहे का, असे विचारले तर खरे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल. समलिंगी असणे हा चीनमध्ये गुन्हाही नाही. पूर्वी पोलीस अशा माणसांना ‘गुंडगिरी’च्या कलमाखाली उचलत. 1997च्या दंडसंहितेत ते कलम राहिले नाही. 2001मध्ये चिनी मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या विकारांच्या यादीतही बदल केला आणि निव्वळ समलिंगी असणे हा विकार मानणे सोडले. त्याच वर्षी पेकिंग विद्यापीठाच्या आवारात हा महोत्सव पहिल्यांदा भरला, आणि मध्येच गुंडाळावा लागला.

इथले सरकार माणसाला मनाई करत नाही, परवानगी राखून ठेवते. चित्रपटगृहात लागणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला सरकारी मंजुरी हवी. मंजुरी मिळाली की सुरुवातीला हिरव्या पडद्यावर सोनेरी ड्रॅगन झळकतो. समलिंगी प्रेमाची सरळ गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटाच्या वाट्याला तो ड्रॅगन सहसा येत नाही. झांग युआन यांनी ‘ईस्ट पॅलेस, वेस्ट पॅलेस’ मंजुरीविना केला. 1997मध्ये तो कानच्या चित्रपट महोत्सवात पोचला, पण पासपोर्ट जप्त झाल्याने दिग्दर्शक मायदेशीच अडकले. असे चित्रपट तयार होत, परदेशात बक्षिसे मिळवत, फक्त बीजिंगच्या माणसाला ते बघायला जागा नव्हती. महोत्सव हवा होता तो एवढ्यासाठी.

त्यामुळे त्याचा इतिहास म्हणजे जागा बदलण्याचा इतिहास आहे. 2005मध्ये पुन्हा विद्यापीठात घाट घातला. ऐन वेळी जागा गेली आणि सगळा लवाजमा 798 या कलावस्तीत हलला. पूर्व जर्मनांच्या मदतीने उभारलेला हा जुना कारखाना तोवर चित्रकारांच्या ताब्यात आला होता. 2007ला मंडळी आणखी लांब, शहराबाहेरच्या सोंगज्वांग या चित्रकारांच्या गावात गेली. 2011मध्ये ती शहरात परतली, तर पोलीस आधीच जागेवर हजर. मग पत्ता शेवटच्या क्षणी कळवायचा, खेळ आटोपला की पांगायचे. ‘मनाई केली’ असा लेखी हुकूम दाखवा म्हटले तर कुणाकडेच नसतो. जागामालकाला कुणीतरी येऊन भेटते, दुसऱ्या दिवशी मालकाला आपले छप्पर दुरुस्त करायचे असते. संयोजक यांग यांग यांनी या दहा वर्षांवर माहितीपट केला, त्याच्या नावातच ‘गनिमी युद्ध’ आहे. मराठी माणसाला या शब्दाची फोड करून सांगायला नको.

2014चा डाव तर खास होता. त्या ऑगस्टमध्ये सोंगज्वांगचा स्वतंत्र चित्रपटांचा महोत्सव अधिकाऱ्यांनी बंद पाडला होता. आता हॉलच नको, असे ठरले. सप्टेंबरमध्ये प्रेक्षक तिकिटे काढून ह्वायरौ या उपनगराकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले आणि प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर एकाच वेळी चित्रपट सुरू केला. लॅपटॉपवर सिनेमा बघणाऱ्या उतारूला कोण हटकणार?

त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईत ‘कशिश’ हा क्वीअर चित्रपट महोत्सव लिबर्टी सिनेमात भरला होता. 2013च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आपल्याकडे समलिंगी संबंध तेव्हा कलम 377खाली पुन्हा गुन्हा ठरले होते. म्हणजे जिथे गुन्हा तिथे भर वस्तीतल्या दिमाखदार चित्रपटगृहात सोहळा, आणि जिथे गुन्हा नाही तिथे रेल्वेचा डबा. मला दोन्हींत डावे-उजवे करायचे नाही. ज्याच्यावर ते कलम लागू शकत होते त्याला लिबर्टीतल्या झगमगाटाचा दिलासा किती वाटला असेल, हे तोच जाणे. पण आपल्याकडचा कायदा वाईट असला तरी छापील होता. त्याच्याविरुद्ध कोर्टात जाता आले, आणि 2018मध्ये जिंकताही आले.

चीनमध्ये हाही प्रयत्न झाला. महोत्सवाच्या संयोजकांपैकी एक, फान पोपो यांचा ‘मामा रेनबो’ हा समलिंगी मुलांच्या आयांवरचा माहितीपट व्हिडिओ संकेतस्थळांवरून नाहीसा झाला. त्यांनी 2015मध्ये प्रसारण नियंत्रकांवरच दावा लावला. दावा दाखल करून घेतला गेला, हेच इथे नवल. नियंत्रकांचा पवित्रा असा, की आम्ही असा आदेश काढलेलाच नाही. मग चित्रपट गेला कुठे? जो आदेश निघालाच नाही तो रद्द तरी कसा करून घ्यायचा?

पुढे महोत्सवाने ‘सप्ताह’ असे साधे नाव घेतले आणि वकिलातींच्या व परदेशी सांस्कृतिक केंद्रांच्या छोट्या सभागृहांचा आसरा धरला. भोवतालची जागा मात्र आकसत गेली. 2020मध्ये ‘शांघाय प्राइड’ या एलजीबीटी उत्सवाने आपले कार्यक्रम थांबवले. 2023च्या मे महिन्यात बीजिंगमधले एलजीबीटी केंद्र बंद झाले. निवेदनात कारण दिले होते ‘आवाक्याबाहेरची परिस्थिती’. कुणाच्या सांगण्यावरून, हे त्यात नव्हते.