काविळीमागे लपलेली गाठ

सिरोसिसच्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते, ती यकृतातली गाठ शोधण्यासाठी. पण स्वादुपिंडातला कर्करोग तिच्यातून निसटू शकतो, कारण स्वादुपिंड असते जठराच्या मागे. आतड्यातला वायू आणि पोटात साठलेले पाणी यांमुळे ते अनेकदा धड दिसतच नाही. रिपोर्टमध्ये ‘स्वादुपिंड वायूमुळे अस्पष्ट’ अशी ओळ असेल, तर स्वादुपिंड तपासले गेलेले नाही, हे ध्यानात घ्या.

खरा घोळ काविळीपाशी होतो. डोळे पिवळे झाले की ‘लिव्हरच वाढलं असेल’ म्हणत आठवडे जातात. पण अंगाला खाज, पांढुरकी शौच, गडद लघवी आणि सोनोग्राफीत फुगलेली पित्तनलिका दिसली, तर अडथळा कशाचा, हे शोधलेच पाहिजे. स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ हीच नलिका दाबते. सोबत स्वादुपिंडाची नलिकाही फुगलेली असेल, तर संशय आणखी बळावतो.

पन्नाशीनंतर अचानक आलेला मधुमेह आणि घटते वजन हाही इशारा. मात्र पोटात पाणी असताना वजनकाटा फसवतो. दंड-मांड्या रोडावल्यात का, ते बघा.

या कर्करोगासाठी केवळ सीए १९-९ या रक्तचाचणीवर विसंबू नये. सिरोसिसमध्ये आणि पित्त अडल्यावर तिचा आकडा कर्करोगाशिवायही चढतो. शिवाय ही चाचणी जो घटक मोजते, तो काही जणांच्या शरीरात जन्मतःच तयार होत नाही. संशय असेल तर स्वादुपिंडासाठीचा खास सीटी स्कॅन किंवा एमआरआय, आणि गरज पडल्यास एंडोस्कोपीतून सोनोग्राफी. सीटीचे औषध टोचण्याआधी किडनीची तपासणी करून घ्यावी.