सुनेला बोल लावण्याआधी थायरॉइड तपासा



“लग्नाला चार वर्सं झाली, अजून पाळणा हलंना,” हे बोलणे गोदाकाठी नांदेडकडे काय आणि मांजराकाठी लातूरकडे काय, सारखेच ऐकू येते. मग नवस होतात, गंडेदोरे होतात आणि सगळा दोष सुनेच्या पदरी येतो. रक्त तपासायचे तेवढे राहून जाते.

गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. तिचा रस कमी पडला की शरीर कमी व्होल्टेजवरच्या मोटारीसारखे चालते. मोटार गुरगुरते, पण पाणी चढत नाही. बाई थकते, वजन वाढते, केस गळतात, थंडी सोसत नाही. पाळी मागेपुढे होते, अंगावरून जास्त जाते. पुष्कळदा स्त्रीबीज वेळेवर तयार होत नाही. मग दिवस राहणार कसे? राहिले तरी गर्भ पडण्याचा धोका वाढतो. रस जास्त झाला तरी पाळी बिघडते. तेव्हा छाती धडधडते, हात कापतात, वजन उतरते.

आयोडीन कमी पडले की गलगंड होतो. म्हणून सरकारने १९६२ साली गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. घरात आयोडीनयुक्त मीठच वापरावे आणि ते झाकून ठेवावे. पण शरीराची संरक्षक शक्तीच ग्रंथीवर उलटते, असाही एक आजार आहे. जपानच्या डॉ. हाशिमोतो यांनी तो १९१२ साली वर्णिला. तो नुसत्या मिठाने बरा होत नाही.

टीएसएच ही रक्ताची साधी तपासणी आहे. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी विचारावे. पुढे नांदेडला विष्णुपुरीचे आणि लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच. रस कमी निघाला तर डॉक्टर थायरॉक्झिनची गोळी देतात. ती सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. लोहाची व कॅल्शियमची गोळी चार तासांनी घ्यावी. सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे.

दिवस राहिले म्हणून गोळी बंद करू नका, लगेच डॉक्टरांना भेटा. पुष्कळदा गोळी वाढवावी लागते, कारण पहिले काही महिने बाळाचा मेंदू आईच्याच रसावर वाढतो.

थायरॉइड हे एकच कारण नव्हे. दोष नवऱ्यातही असू शकतो, म्हणून त्याचीही तपासणी बरोबरच करावी. वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर थांबू नये. पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांतच जावे. पाळी बिघडलेली असेल तर त्याहीआधी.

मोटार पाणी ओढेना म्हणून कोणी विहीर बुजवत नाही. आधी फ्यूज बघतो. मग सुनेबाबत दुसऱ्या सोयरिकीची घाई कशाला? पहिली बायको हयात असताना दुसरे लग्न करणे हा १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने गुन्हाच आहे.

तेव्हा उसाचे बिल काढायला बँकेत जाल, त्याच दिवशी दोघे मिळून दवाखान्यातही जाऊन या.