राक्षस (मराठी साहित्य आणि समाज)

राक्षस ही भारतीय पुराणकथांतील अतिमानवी, बहुधा क्रूर आणि मायावी व्यक्तिरेखांसाठी वापरली जाणारी संज्ञा आहे. मराठी साहित्यात आणि व्यवहारात तिचा अर्थ विस्तारला असून अमानुष कृत्य करणारी व्यक्ती किंवा बेबंद सत्ता यांनाही ती लावली जाते. एखाद्याला राक्षस ठरवताना मराठी परंपरेत मुख्यतः तीन निकष आढळतात : त्याचे कर्म, त्याचे कूळ आणि त्याची कथा सांगणाऱ्याची बाजू. हे निकष अनेकदा परस्परांच्या विरोधात जातात. कर्माऐवजी कुळावरून माणसांना धोकादायक ठरवल्याचे परिणाम महाराष्ट्रातील अनेक समूहांना प्रत्यक्ष भोगावे लागले आहेत.

संज्ञा आणि अर्थच्छटा

‘राक्षस’ हा शब्द सामान्यतः ‘रक्ष्’ म्हणजे राखणे या धातूशी जोडला जातो. रामायणाच्या उत्तरकांडातील कथेनुसार, ब्रह्मदेवाने निर्माण केलेल्या जीवांपैकी ज्यांनी ‘आम्ही रक्षण करू’ असे म्हटले ते राक्षस झाले. ‘असुर’ हा शब्दही ऋग्वेदात वरुणादी देवतांसाठी आदराने वापरलेला आहे. देवांचे शत्रू हा त्याचा अर्थ पुढे रूढ झाला. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकात राक्षस हे नंदांच्या स्वामिनिष्ठ अमात्याचे नाव आहे.

मराठीत ‘राक्षसी’ हे विशेषण केवळ क्रौर्य दाखवत नाही. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’, ‘राक्षसी बहुमत’ अशा प्रयोगांत ज्याला आवर घालणारे कोणी उरले नाही अशा शक्तीचे भय व्यक्त होते. स्मृतिग्रंथांनी कन्येला बळाने पळवून नेऊन केलेल्या विवाहाला राक्षसविवाह म्हटले आहे. तेथे हे नाव कृत्याला दिलेले आहे. ते करणारा माणूसच असतो.

कर्म आणि कूळ

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी आणि आसुरी संपत्तीचे वर्णन आहे. दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, कठोरपणा आणि अज्ञान ही आसुरी संपत्तीची लक्षणे सांगितली आहेत. ज्ञानेश्वरीत (शके १२१२) या लक्षणांचे सविस्तर विवरण आढळते. अशा मांडणीत आसुरीपणा हा स्वभावाचा दोष ठरतो आणि तो कोणत्याही माणसात संभवतो. ज्ञानेश्वरीच्या शेवटी येणाऱ्या पसायदानात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्या ठायीचा वाकडेपणा जावा, अशी प्रार्थना केली आहे.

पुराणकथांतील वंशावळीही कुळाचा निकष डळमळीत करतात. रावण हा पितृकुळाने पुलस्त्य ऋषीचा नातू आहे. उलट प्रल्हाद असुरकुळात आणि बिभीषण राक्षसकुळात जन्मूनही भक्त म्हणून गौरवले गेले आहेत.

लोकदैवते आणि स्थलकथा

महाराष्ट्राच्या लोकधर्मात देव आणि दैत्य यांच्यातील सीमारेषा पुष्कळदा पुसट आहे. जेजुरीच्या खंडोबाने मणी आणि मल्ल या दैत्यांचा वध केला, असे कथा सांगते. तरी शरण आलेल्या मणीला देवाच्या सन्निध स्थान मिळाले आणि मल्लाचे नाव ‘मल्हारी’ या देवाच्याच नावात राहिले. कोल्हापूरच्या स्थलकथेनुसार महालक्ष्मीने मारलेल्या कोल्हासुराने मरताना या क्षेत्राला आपले नाव मिळावे, असा वर मागितला.

तुळजापूरची भवानी महिषासुरमर्दिनी म्हणून पूजली जाते. त्याच महाराष्ट्रात शेताच्या बांधावर शेंदूर लावलेल्या म्हसोबालाही नैवेद्य दाखवला जातो. म्हसोबा आणि महिषासुर यांच्यातील संबंधाची चर्चा इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी केली आहे. एका कथेतील वध्य असुर आणि दुसऱ्या ठिकाणचा राखणदार देव हे एकच असण्याची शक्यता त्यातून पुढे आली.

महात्मा फुले यांची मांडणी

महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) या संवादरूप ग्रंथात कथा सांगणाऱ्याची बाजू हा प्रश्न मध्यवर्ती केला. पुराणे ही विजेत्यांनी लिहिलेली असून त्यांत राक्षस म्हणून रंगवलेले लोक हे या भूमीचे रक्षणकर्ते होते, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांच्या मते बळी हा प्रजाहितदक्ष राजा होता आणि वामन हा त्याच्या राज्यावर चालून आलेला आक्रमक. म्हसोबा म्हणजे बळीच्या राज्यातील ‘महासुभा’ हा अधिकारी, अशी व्युत्पत्तीही त्यांनी सुचवली.

फुले यांनी यासाठी आधारलेला आर्यांच्या आक्रमणाचा सिद्धान्त आणि त्यांच्या व्युत्पत्ती यांवर पुढे बरीच टीका झाली. तथापि, दैत्याचे वर्णन कोणी केले आणि त्यातून कोणाचा लाभ झाला, हा त्यांचा प्रश्न मराठी विचारविश्वात टिकून राहिला. बळीविषयीची आपुलकी लोकपरंपरेत आधीपासून होती. दिवाळीत ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणण्याची प्रथा तिची साक्ष देते.

रंगभूमीवरील रूपे

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकात प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन यांना आणि द्रौपदीच्या जागी पारतंत्र्यातील भारताला पाहिले. महाभारतातील कीचक राक्षसकुळातला नाही. सत्तेचा माज आणि स्त्रीची विटंबना यांमुळे तो वध्य ठरतो. या नाटकावर १९१० साली ब्रिटिश सरकारने बंदी घातली.

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मध्ये एकही खलपुरुष नाही. अभिरूप न्यायालयाचा खेळ करणारी सामान्य, मध्यमवर्गीय माणसे लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करतात आणि खेळाच्या आडून तिचे खाजगी आयुष्य उघडे पाडतात. क्रौर्य येथे साऱ्या समूहाचे आहे, आणि त्या समूहाला ते नीतिरक्षण वाटते.

समाज आणि कायदा

ब्रिटिश राजवटीने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही त्याची अंमलबजावणी झाली. कैकाडी, फासेपारधी यांसारख्या जमातींतील माणसे जन्मतःच गुन्हेगार मानली गेली. त्यांना हजेरीचे बंधन होते. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेचे कुंपण घातलेली वसाहत होती.

जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याचा प्रश्न मध्य मुंबईतील नायगाव या कामगारवस्तीत १९३६ साली वेगळ्या संदर्भात मांडला गेला. तेथे भरलेल्या मुंबई इलाखा महार परिषदेत ३१ मे रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतराविषयी केलेले भाषण ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध आहे. मुलांना शाळेत घालणे, सार्वजनिक विहिरीचे पाणी भरणे, नवरदेवाची घोड्यावरून वरात काढणे अशा कारणांवरून अस्पृश्यांवर अत्याचार होतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. यांपैकी कोणतीही गोष्ट स्वभावतः गुन्हा नाही. ती ‘अपराध’ ठरते ती करणाऱ्याच्या जन्मामुळे.

गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला; या जमातींना ‘विमुक्त’ म्हटले जाऊ लागले. संशयाची सवय मात्र ओसरली नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने तिचा अनुभव नोंदवतात. ‘उचल्या’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

सिद्ध झालेल्या क्रूर कृत्यांबाबतही न्यायव्यवस्था केवळ ‘नराधम’ या शब्दावर थांबत नाही. मुंबईत झोपलेल्या गोरगरिबांच्या हत्या करणाऱ्या रमण राघव याला १९६८ साली अटक झाली आणि पुढे फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. मानसोपचारतज्ज्ञांच्या तपासणीनंतर उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्या व्यक्तीला करणी करणारी किंवा सैतानाचा अवतार म्हणून जाहीर करणे हा गुन्हा ठरवला. मात्र कलंक अफवेतूनही लागू शकतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार केले. त्यांनी कोणतेही मूल पळवलेले नव्हते.