मोठा ससा घरी आणण्याआधी

मी नववीत असताना ईस्टरच्या आठवड्यात डॅडींनी आमच्यासाठी एक पांढरा ससा आणला होता. मे महिन्यातल्या एका दुपारी तो गॅलरीतल्या पिंजऱ्यात आडवा पडलेला दिसला. वाटीत पाणी होतं, गाजर होतं. संध्याकाळपर्यंत तो गेला. कोणी दुष्टपणा केला नव्हता, आम्हाला माहीत नव्हतं इतकंच. आता धाकट्या भावाला ससा हवाय, तोही ‘जायंट’. आई म्हणाली, “आधी काय काय लागतं ते सगळं लिहून काढ, मग बघू.” मित्रमैत्रिणींनो, तो कागद म्हणजेच हा लेख.

सुरुवात शब्दापासून करते, साहित्याची विद्यार्थिनी आहे ना! मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना ‘ससा’च म्हणतो. कासवाशी शर्यत लावणारा किंवा सिंहाला विहिरीत पाडणारा तो रानससा. आपल्याकडच्या रानसशाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याला घरी पाळता येत नाही. पाळीव ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. ‘फ्लेमिश जायंट’ ही त्याचीच, बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातली जात. पूर्ण वाढलेला फ्लेमिश सहज ६ किलोच्या वर जातो. ब्रिटनमधल्या डॅरियस नावाच्या कॉन्टिनेंटल जायंट सशाची लांबी २०१० मध्ये १२९ सेंटिमीटर मोजली गेली. भारतात ग्रे जायंट, व्हाइट जायंट या जाती मांसासाठी पाळतात. त्यामुळे विकणारा ‘जायंट’ म्हणाला की नेमका कुठला ते विचारायचं आणि शक्य असेल तर पिल्लाचे आईवडील बघायचे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घ्यायचं नाही.

आता वडोदऱ्याचा खरा प्रश्न: ऊन. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. त्याच्या कानांत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, अंगातली उष्णता मुख्यतः तिथूनच बाहेर पडते. पण भोवतालची हवाच तापलेली असेल तर कान तरी काय करणार? शरीर जितकं मोठं तितकं थंड व्हायला अवघड. साधारण १५ ते २० अंशांत ससा खूश असतो, ३० च्या पुढे धोका सुरू होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. पंखा घामावर काम करतो, म्हणून नुसत्या पंख्याने सशाला फारसा फरक पडत नाही. कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चालतो, पण पावसाळी दमट हवेत तो थकतो. म्हणजे एसी असलेली किंवा खरोखर थंड राहणारी खोली हवी. जमिनीवर कोटा लादी आणि कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली ही वरची मदत झाली, मुख्य उपाय नाही.

जागेचं म्हणाल तर ब्रिटनच्या रॅबिट वेल्फेअर असोसिएशनने दोन सशांसाठी निदान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच जागा सांगितली आहे, आणि तीही सतत मोकळी. बाजारातला जाळीच्या तळाचा पिंजरा विसरा. सशाच्या पायाला कुत्र्यामांजरासारखी गादी नसते. जड सशाचे तळपाय जाळीवर सोलवटतात आणि जखमा चिघळतात. गुळगुळीत फरशीवर चटई हवी. शी-शूसाठी मांजराचा ट्रे लहान पडतो, त्यापेक्षा मोठं प्लास्टिकचं घमेलं बरं. खाली कागद, वर गवत. मोबाईलच्या चार्जरपासून फ्रिजच्या वायरपर्यंत सगळं उचलून ठेवायचं, कारण तो कुरतडणारच.

खाण्यात गाजर म्हणजे मिठाई. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजायला आणि पोट चालू राहायला सुकं गवत लागतं, जेवणाचा ८० टक्के भाग तेच. गुजरातेत सहज मिळणारा रजको म्हणजे आपलं लसूणघास, तो वाढत्या पिल्लाला चालतो. मोठ्या सशाला रोज देऊ नये, त्यात कॅल्शियम जास्त असतं. खंडेराव मार्केटमधून कोथिंबीर, मुळ्याचा पाला धुऊन थोडा थोडा द्यावा. कांदा, लसूण, बिस्कीट, भाकरी अजिबात नाही, आणि हे पाहुण्यांनाही सांगून ठेवायचं. पाण्यासाठी जड, उलटणार नाही असं मोठं भांडं हवं.

डॉक्टर ससा आणण्याआधी शोधायचा. कुत्र्यामांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला ससा माहीत असतोच असं नाही. एक प्रश्न विचारून बघा: “ऑपरेशनआधी त्याला उपाशी ठेवायचं का?” उत्तर ‘नाही’ यायला हवं. सशाला उलटी होत नाही, आणि रिकामं पोट त्याला घातक ठरतं. बारा तास त्याने काही खाल्लं नाही तर उद्यावर ढकलायचं नाही, लगेच डॉक्टर. आणंदला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथला रस्ताही माहीत असू दे. मादी असेल तर नसबंदीबद्दल विचारा, वय वाढेल तसा मादीला गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. पाय लटकते राहिले आणि त्याने झटका दिला तर त्याचं मणकं मोडू शकतं.

आणि आपले सण! नवरात्रीचे स्पीकर, दिवाळीचे फटाके यांनी ससा घाबरतो. त्या रात्री त्याला आतल्या खोलीत ठेवायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घरांत शिरलं होतं, तेव्हा तळमजल्यावर राहणाऱ्यांनी त्याला न्यायची मोठी पेटी तयार ठेवावी.

हे सगळं वाचून भावाने स्वतःच एक काम केलं. सशासाठी ठरवलेल्या खोलीत थर्मामीटर टांगला आणि आठवडाभर दुपारी तीनला आकडा लिहिला. पंखा लावून ३६, कूलर लावून ३१. मी म्हटलं, दिवाळीनंतर आणूया, थंडी असेल. तो म्हणाला, “ताई, मग पुढचा मे?” बरोबर होतं त्याचं. मोठा ससा पाच ते आठ वर्षं जगतो, म्हणजे तेवढे उन्हाळे आपल्याला सांभाळायचे असतात.

यंदा आमच्याकडे ससा येणार नाही. त्या खोलीत एसी बसेल त्या वर्षी विचार करू. तुमच्या मनात असेल तर आधी थर्मामीटर आणा. ससा त्यानंतर.