जुन्या मोटारीचे ‘अ‍ॅव्हरेज’ : तक्रार आणि निदान

मोटारीसंबंधीची एक परिचित तक्रार मराठीत दोन प्रकारे केली जाते : ‘गाडी पेट्रोल फार पिते’ आणि ‘गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही’. दोन्ही वाक्यांत कर्ता एकच, गाडी. व्याकरणदृष्ट्या यात काही वावगे नाही. निदानाच्या दृष्टीने मात्र ही रचना दिशाभूल करते. कर्तृत्व गाडीकडे गेले की दोष इंजिनात शोधला जातो, आणि चाकात, इंधनात किंवा निव्वळ मोजणीत असलेल्या दोषापायी सबंध इंजिन उघडले जाते. ज्या गाडीचे सुटे भाग सहज मिळत नाहीत, तिच्या मालकास हा प्रमाद महाग पडतो. म्हणून ही तक्रार कोणत्या क्रमाने तपासावी, याचा येथे विचार करावयाचा आहे.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी ही गाडी घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असलेल्या या गाडीस १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन व कार्बोरेटर असे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या टॅक्सींमधून निवृत्त झाली. तथापि हौशी मालकांकडे ती आजही आढळते.

प्रथम ‘अ‍ॅव्हरेज’ या शब्दाकडे पाहू. मूळ इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ सरासरी. मराठीत अर्थसंकोच होऊन तो ‘एका लिटरमागे धावलेले किलोमीटर’ एवढ्यापुरता उरला. व्यवहारात हे चालते. मोजणीत मात्र मूळ अर्थाचा विसर पडता कामा नये. टाकी पूर्ण भरावी, अंतराची नोंद करावी, आणि पुन्हा त्याच पंपावर टाकी पूर्ण भरून, लागलेल्या पेट्रोलाने अंतरास भागावे. शंभर किलोमीटरना ८ लिटर लागले तर उत्तर १२.५ येते, टाकी भरताना एका लिटरचा फरक पडला तर तेच ११.१ होते. परंतु चारशे किलोमीटर व ३२ लिटर यांच्या हिशेबात तोच एक लिटर उत्तर १२.१ पर्यंतच खाली आणतो. अर्थात् एका भरण्यावरून काढलेला निष्कर्ष हा निष्कर्षच नव्हे. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविले असल्यास अंतरमापक कमी अंतर दाखवितो व गाडी विनाकारण दोषी ठरते. महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी तो पडताळून पाहावा.

मोजणीनंतरही घट कायम राहिली, तर तपासणी बाहेरून आत अशी करावी. पेट्रोलचा वास येतो काय, नळी किंवा पंप पाझरतो काय, हे सर्वांआधी पाहावे; कारण येथे प्रश्न खर्चाचा नसून आगीचा आहे. त्यानंतर चाके. टायरमधील हवा कमी असल्यास घर्षण वाढते. ब्रेक पूर्ण सुटत नसल्यास इंजिनाची शक्ती उष्णतेत वाया जाते. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये हाताने ढकलून पाहावी. ती जड वाटल्यास एकेक चाक जॅकवर उचलून फिरवावे. काही किलोमीटर धावल्यावर एकच चाक इतरांहून फार तापले असेल, तर दोष तेथेच आहे. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, अशी स्थिती असल्यास क्लच घसरत आहे असे समजावे.

आता इंजिन. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण बिघडल्याची साक्ष स्पार्क प्लग देतो. त्याचे टोक फिकट तपकिरी असल्यास मिश्रण ठीक. कोरडी काळी काजळी असल्यास पेट्रोल अधिक. तेलकट ओल असल्यास इंजिनातील तेल ज्वलनकक्षात उतरत आहे. काजळी दिसली तरी लगेच कार्बोरेटर उघडू नये. हवेची जाळी तुंबली आहे काय व चोक पूर्ण उघडतो काय, हे आधी पाहावे. त्यानंतर फ्लोटची पातळी, निडल व्हॉल्व्हची झीज व जेट यांचा क्रम लागतो. गाडी तापते म्हणून कोणी थर्मोस्टॅट काढून टाकला असेल, तर इंजिन योग्य तापमानास उशिरा पोहोचते व तोवर पेट्रोल अधिक जाळते. ठिणगी उशिरा पडत असल्यासही तेवढ्याच कामास अधिक इंधन लागते. म्हणून कॉन्टॅक्ट पॉइंटमधील अंतर व टायमिंग पुस्तिकेप्रमाणे लावावे. एवढे करूनही फरक न पडल्यास कॉम्प्रेशन मोजावे. ते कमी भरले, तरच रिंगा व व्हॉल्व्ह यांचा प्रश्न उद्भवतो.

एक कारण मात्र गाडीच्या बाहेरचे आहे. भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलची प्रतिलिटर ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. त्यामुळे अशा मिश्रणात ६ ते ७ टक्के ऊर्जा मुळातच कमी असते. पूर्वी १२ किलोमीटर धावणारी गाडी आता ११ च्या किंचित वर आली, तर तो बिघाड नव्हे. मात्र जुन्या रबरी नळ्या व पडदे या इंधनाने खराब होऊ शकतात. ते वेळीच बदलावे.

शेवटी, दुरुस्ती एका वेळी एकच करावी व प्रत्येकीनंतर पुन्हा मोजावे. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारेल. परंतु कशाने सुधारली, हे कळणार नाही, आणि पुढील वेळी पुन्हा पाचांचा खर्च करावा लागेल. ‘गाडी पेट्रोल पिते’ या वाक्यातील कर्ता बदलून ‘ब्रेक धरतो’, ‘चोक अडकतो’ किंवा ‘टायर बसला आहे’ असे निश्चित वाक्य ज्या क्षणी उच्चारता येते, त्या क्षणी निदान पूर्ण झाले असे समजावे.