एकच नोंद, दोन हात

रायपूरहून धमतरीकडे जाणारा नॅरोगेज रेल्वेमार्ग अनेक दशके अभनपूरवरून जात असे. येथूनच राजिमकडे एक फाटा फुटत असल्यामुळे अभनपूर हे लहानसे जंक्शन होते. (३० मार्च २०२५ रोजी रायपूर व अभनपूर यांच्या दरम्यान ब्रॉडगेजवरील गाडी सुरू झाली.) अशा एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या एकाच टप्प्यात शिरल्या, तर अनर्थ ठरलेला. तो टाळण्यासाठी भारतातील अनेक एकेरी मार्गांवर गोळ्याच्या टोकनची पद्धत वापरली गेली. लागोपाठच्या दोन स्थानकांत तारेने जोडलेली यंत्रे असत व त्यांत पोलादी गोळे ठेवलेले असत. एक गोळा बाहेर काढला की तो पुन्हा यंत्रात पडेपर्यंत दोन्हीकडून दुसरा गोळा निघत नसे. ज्या चालकाच्या हाती गोळा, त्याचीच गाडी पुढे जाई. चालक समंजस असो वा उतावळा, सुरक्षितता त्याच्या स्वभावावर सोडलेली नव्हती.

संगणकावरील नोंदींच्या बाबतीतही असाच प्रश्न उभा राहतो. छत्तीसगडमधील जमिनीच्या नोंदी ‘भुइयां’ या संगणकीय प्रणालीत ठेवल्या जातात. महाराष्ट्रात सातबारा जसा परिचित, तसे अभनपूर तहसिलीतील शेतकऱ्याला खसरा व बी-१ परिचित आहेत. पुढील प्रसंग मात्र कल्पित आहे. तो ‘भुइयां’चे वर्णन नव्हे. समजा, जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर एकाच शेताची नोंद दोन कर्मचाऱ्यांनी सकाळी ११ वाजता उघडली. पहिल्याने क्षेत्रफळातील चूक दुरुस्त करून ११ वाजून ५ मिनिटांनी नोंद जतन केली. दुसऱ्याच्या पडद्यावर अजून जुनेच क्षेत्रफळ होते. त्याने वारसाचे नाव भरले आणि ११ वाजून १० मिनिटांनी संपूर्ण पान जतन केले. नव्या नावाबरोबर जुने क्षेत्रफळही परत गेले आणि पहिल्याची दुरुस्ती पुसली गेली. ‘नोंद जतन झाली’ असा निरोप मात्र दोघांनाही मिळाला. यास ‘हरवलेला बदल’ म्हणतात. गाड्यांची टक्कर लपत नाही. नोंदींची टक्कर वर्षानुवर्षे लपून राहू शकते, आणि बहुधा वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळीच ती उघडकीस येते.

यावर पहिला उपाय गोळ्यासारखाच आहे. एकाने नोंद संपादनासाठी उघडली की तिला कुलूप लावावे आणि दुसऱ्याला ती केवळ वाचू द्यावी. परंतु संकेतस्थळाच्या बाबतीत एक अडचण येते. ब्राउझर पान मागून घेतो आणि संबंध तेथेच संपतो. वापरणारा विचार करीत बसला आहे, जेवायला गेला आहे की त्याची वीज गेली आहे, हे दूरच्या सर्व्हरला कळत नाही. कुलूप तसेच राहते आणि इतरांचे काम अडते. म्हणून अशा कुलपाला ठरावीक मुदत द्यावी लागते. मुदत फार आखूड ठेवली, तर चालू काम हातातून जाते. फार लांब ठेवली, तर रांग लागते.

दुसरा उपाय उलट्या बाजूने विचार करतो. एच. टी. कुंग व जॉन रॉबिन्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीला ‘आशावादी’ म्हटले जाते. कारण टक्कर क्वचितच होईल, असे ती गृहीत धरते. ती कोणालाही अडवीत नाही. प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा क्रमांक असतो. समजा, वरील दोघांनी नोंद उघडली तेव्हा तो १७ होता. जतन करताना प्रत्येकाचा संगणक सर्व्हरला सांगतो, ‘क्रमांक अजून १७ असेल, तरच हा बदल कर आणि क्रमांक १८ कर.’ पहिल्याचा बदल स्वीकारला जातो. दुसऱ्याची विनंती येते तेव्हा क्रमांक १८ झालेला असतो, म्हणून ती नाकारली जाते. येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. क्रमांक तपासणे व बदल लिहिणे ही डेटाबेसमध्ये एकच अखंड क्रिया असली पाहिजे. आधी तपासले आणि मग लिहिले, तर मधल्या क्षणात तिसरा शिरू शकतो. क्रमांकाऐवजी घड्याळाची वेळ वापरण्याचा मोहही आवरलेला बरा. एकाच सेकंदात दोन बदल होऊ शकतात.

विनंती नाकारल्यानंतर काय करावे, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. ‘चूक झाली’ एवढाच निरोप देऊन वापरणाऱ्याचे अर्ध्या तासाचे लिखाण पुसून टाकणारे संकेतस्थळ एका संकटातून सोडवून दुसऱ्यात ढकलते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिची रीत अधिक सभ्य आहे. दोघांचे बदल लेखाच्या वेगवेगळ्या भागांत असतील, तर ती ते आपोआप एकत्र करू पाहते. ते जमले नाही, तर सध्याचा मजकूर व वापरणाऱ्याचा मजकूर दोन्ही समोर ठेवते आणि निर्णय माणसावर सोपवते.

लेखाला चालणारी ही जुळणी जमिनीच्या नोंदीला मात्र चालत नाही. एकाने मालकाच्या रकान्यात खरेदीदाराचे नाव लावले आणि त्याच वेळी दुसऱ्याने इतर हक्कांच्या रकान्यात जुन्या मालकाने घेतलेल्या बँक कर्जाचा बोजा चढवला, तर दोन्ही रकाने वेगळे असल्याने टक्कर झालीच नाही, असे यंत्राला वाटेल. दोन्ही बदल जतन होतील आणि शेत विकून टाकलेल्या माणसाचे कर्ज नव्या मालकाच्या जमिनीवर बसेल. म्हणून अशा ठिकाणी आवृत्तीचा क्रमांक एकेका रकान्याला न देता संपूर्ण नोंदीला द्यावा लागतो. मग मागाहून आलेल्या कर्मचाऱ्याला आधी नवी नोंद वाचावी लागते आणि मालकाचे बदललेले नाव बोजा चढण्यापूर्वीच त्याच्या दृष्टीस पडते.