डीझेल एंजिन : स्वयंबंदीनंतरचे पुनःप्रारंभण

मोठे डीझेल एंजिन चालू असताना त्यात धोकादायक स्थिती उद्‌भवल्यास संरक्षक यंत्रणा इंधनपुरवठा तोडून ते आपोआप थांबविते. या क्रियेस स्वयंबंदी म्हणतात. बंदीचे कारण शोधून ते दूर करणे आणि एंजिन क्रमाक्रमाने पुन्हा चालू करून त्यावर भार देणे, या सर्व प्रक्रियेला पुनःप्रारंभण असे म्हणता येईल. स्वयंबंदी हा बिघाड नसून बिघाडाची सूचना असते. कारण न शोधता केवळ कळ दाबून एंजिन पुन्हा चालू केल्यास किरकोळ दोषातून भुजादंड (दट्ट्यांच्या सरळ रेषेतील गतीचे चक्रीय गतीत रूपांतर करणारा दंड) निकामी होणे, आग किंवा स्फोट असे परिणाम संभवतात.

मुंबईच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इ. उपनगरांत रुग्णालये, उंच इमारती, दूरध्वनी केंद्रे, चित्रपट निर्मितिगृहे व कारखाने यांत डीझेल एंजिनावर चालणारी जनित्रे राखीव म्हणून बसविलेली असतात. ही एंजिने महिनोन्‌महिने जवळजवळ निष्क्रिय राहतात व वीज जाताच त्यांच्यावर एकदम मोठा भार येतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी वीजजाळ्यातील बिघाडामुळे मुंबई व परिसराचा पुरवठा खंडित झाला, लोकल गाड्या जागीच थांबल्या आणि रुग्णालयांना जनित्रांवर विसंबावे लागले. त्याच दिवशी मुलुंडमधील एका खाजगी रुग्णालयात जनित्राला आग लागून रुग्णांना अन्यत्र हलवावे लागले. अशा वेळी थांबलेले एंजिन ताबडतोब चालू करण्याचा मोह स्वाभाविक असतो. म्हणूनच पुनःप्रारंभणाची रीत आधीच ठरलेली व चालकाच्या सवयीची असावी लागते.

बंदीची कारणे : डीझेल एंजिनात इंधन ठिणगीने पेटत नाही, दट्ट्याने दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटते. त्यामुळे एंजिन थांबविण्यासाठी सामान्यतः इंधन तोडावे लागते. वंगण तेलाचा दाब फार कमी होणे, शीतक पाण्याचे तापमान फार वाढणे, वेग मर्यादेबाहेर जाणे आणि भुजापेटीत (भुजादंड ज्या पेटीत फिरतो तीत) दाब किंवा तेलाचे धुके वाढणे ही बंदीची प्रमुख कारणे होत. जनित्राच्या बाबतीत अतिप्रवाह, भूदोष यांसारख्या विद्युत् दोषांनीही बंदी घडते. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या १६ सिलिंडरांच्या व २,६०० अश्वशक्तीच्या एंजिनातही तेलाचा दाब घटल्यास आणि वेग अतिरिक्त वाढल्यास एंजिन बंद करणाऱ्या यंत्रणा बसविलेल्या होत्या. एका दोषातून पुढे अनेक इशारे उमटतात. त्यामुळे सर्वांत आधी उमटलेल्या इशाऱ्याची नोंद महत्त्वाची असते. इशारे पुसण्यापूर्वी ती वेळेसह करून ठेवतात.

पहिली दक्षता : एंजिन थांबताच ते आपोआप पुन्हा चालू होणार नाही अशी व्यवस्था करतात. त्यासाठी नियंत्रण फलकावरील निवडकळ ‘बंद’ स्थितीत ठेवतात आणि जनित्र भारापासून विद्युत् दृष्ट्या तोडतात. तपासणीसाठी एंजिनात हात घालावयाचा असल्यास विद्युत् घटमालेची जोडणी सोडवितात व जेथे दाबित हवेने एंजिन चालू करतात तेथे हवेची झडप बंद करून कुलूप लावतात. वीज परत येण्याच्या व जाण्याच्या खेळात राखीव एंजिन कोणत्याही क्षणी फिरू लागते, हे या दक्षतेमागील कारण होय.

भुजापेटीतील धोका : धारव्याला म्हणजे बेअरिंगला तेल कमी पडले किंवा दट्ट्या सिलिंडरला घासू लागला, तर तो भाग अतिशय तापतो. त्यावर पडलेल्या तेलाची वाफ होते व ती थंड भागात येताच तिचे पांढरे धुके बनते. एक लिटर हवेत सुमारे ५० मिग्रॅ. तेल झाले की, हे मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणून धुके-शोधक उपकरणे त्याच्या कितीतरी आधी इशारा देतात. अशा बंदीनंतर भुजापेटीची झाकणे लगेच उघडल्यास ताजी हवा आत शिरते आणि तापलेल्या भागाशी स्फोट होतो. म्हणून झाकणांपासून दूर राहून एंजिन निवू देतात. मोठ्या एंजिनांसाठी किमान २० ते ३० मिनिटे व निर्मात्याने अधिक काळ सांगितला असल्यास तितका काळ थांबतात. ११ सप्टेंबर १९४७ रोजी ‘रेना देल पॅसिफिको’ या जहाजाच्या चाचणी सफरीत अतितप्त दट्ट्यामुळे भुजापेट्यांत स्फोट होऊन २८ माणसे मृत्युमुखी पडली. भुजापेटीवरील दाबमुक्ती झडपा व ज्वालारोधक जाळ्या यांच्या अभ्यासाला या अपघाताने चालना मिळाली.

तपासणी : तेलाच्या दाबामुळे बंदी झाली असल्यास तेलाची पातळी, गळती, गाळणी व तेलात मिसळलेले डीझेल किंवा पाणी पाहतात. दाबमापक उपकरणच सदोष असू शकते; परंतु दुसऱ्या मापकाने पडताळा घेतल्याशिवाय तसे गृहीत धरीत नाहीत. गाळणीत धातूचा चुरा आढळल्यास धारवे तपासल्याखेरीज एंजिन चालू करीत नाहीत. अतितापनानंतर प्रारणकाचे (रेडिएटरचे) झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उसळते आणि तप्त एंजिनात गार पाणी ओतल्यास सिलिंडरशीर्षाला तडा जातो. म्हणून एंजिन निवल्यावरच पाणी भरतात व पट्टा, पंप आणि हवेचे मार्ग पाहतात. अतिवेगामुळे बंदी झाली असल्यास वेगनियंता व इंधनपंपाची दांडी मोकळी हलते का, हे पाहणे अत्यावश्यक असते; दांडी अडकलेली असल्यास एंजिन पुन्हा बेफाम होते. विद्युत् दोषाने बंदी झाली असल्यास एंजिन निर्दोष असूनही केबलींचे निरोधन तपासावे लागते.

सिलिंडरात पाणी किंवा डीझेल साचले असल्यास दट्ट्याला ते दाबता येत नाही आणि संयोगदांडा वाकतो. म्हणून मोठ्या एंजिनाच्या सिलिंडरांच्या निदर्शक तोट्या उघडून भुजादंड हाताने किंवा फिरक्या यंत्राने पूर्ण दोन फेरे फिरवितात. चार धावी एंजिनात एवढ्या फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडराचे संपूर्ण आवर्तन होते. तोटीतून पाणी आल्यास किंवा भुजादंड अडल्यास पुढील काम थांबवितात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडून उपनगरांतील असंख्य तळमजले पाण्याखाली गेले. पाण्यात बुडालेले एंजिन वरून कोरडे दिसले, तरी या परीक्षेशिवाय व तेल बदलल्याशिवाय चालू करणे घातक ठरते.

प्रत्यक्ष प्रारंभण : सोय असल्यास पूर्ववंगण पंपाने धारव्यांपर्यंत तेल पोहोचवितात. तोट्या बंद करून व भार तोडलेलाच ठेवून एंजिन फिरवितात. विजेच्या प्रारंभक मोटरीने एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा अधिक काळ न फिरविता मध्ये मोटर निवू देतात. तीन प्रयत्नांत एंजिन चालू न झाल्यास कारण शोधतात, कारण न जळलेले इंधन निष्कास नळात साचून तेथे पेट घेऊ शकते. एंजिन चालू होताच काही सेकंदांत तेलाचा दाब वाढला नाही, तर ते तत्काळ थांबवितात. दाब योग्य असल्यास मंद वेगावर आवाज, कंप, गळती, धुराचा रंग व प्रत्येक सिलिंडराचे निष्कास तापमान पाहतात. त्यानंतरच पूर्ण वेग व टप्प्याटप्प्याने भार देतात. रुग्णालयात अतिदक्षता कक्ष व शस्त्रक्रियागृह आधी आणि वातानुकूलन शेवटी, असा क्रम ठरविलेला असतो.

अपवाद : अग्निशमन पंपाचे डीझेल एंजिन आग विझेपर्यंत चालावे, मग ते निकामी झाले तरी चालेल, असे तत्त्व मान्य आहे, म्हणून त्याच्या बाबतीत तेलाचा दाब किंवा तापमान यांचा केवळ इशारा देतात व सामान्यतः अतिवेगासाठीच बंदी ठेवतात. जनित्राला हे तत्त्व लागू पडत नाही. त्याची संरक्षक कळ तारेने बांधून ठेवल्यास काही मिनिटांची वीज मिळते. पण एंजिन कायमचे गमावण्याचा धोका पत्करावा लागतो. ज्या ठिकाणी वीज क्षणभरही खंडित होऊन चालत नाही, तेथे संरक्षण काढून टाकण्याऐवजी दुसरे जनित्र व विद्युत् घटमाला यांची तरतूद करणे हाच योग्य उपाय ठरतो.